काटेकोरांचा काटा

काटेकोर हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, पण ते वाचायला कोण जातंय! वजनमापे खात्यात ते निरीक्षक म्हणून लागले आणि वर्षाच्या आत बाजारपेठेनं त्यांना काटेकोर करून टाकलं. पुढे शेजाऱ्यांनी तेच उचललं, मग सासरच्यांनी, आणि आता खुद्द बायकोसुद्धा चिडली की म्हणते, "या काटेकोर, जेवायला या." नाव चुकीचं आहे असं मात्र कोणी म्हणू नये. शिंप्यानं छातीला टेप लावली की हा माणूस विचारणार, "ही टेप कधी धुतलीय का? आटली असेल." ताप आला म्हणून दवाखान्यात गेले तर आधी थर्मामीटर उलटसुलट करून बघणार. त्यामुळे हल्ली शिंपी त्यांचे कपडे जुन्या कपड्यांवरून बेततो आणि डॉक्टर नुसता कपाळाला हात लावतात. आधी साहेबांच्या, मग स्वतःच्या.

तर या साहेबांची एक स्कूटर होती. छोटी, राखाडी, मागच्या सीटची शिवण उसवलेली. तिच्यात बढाई मारण्यासारखं काही नव्हतं, आणि साहेब बढाई मारणाऱ्यांतले नव्हतेच. ते फक्त आकडा सांगायचे. "साठ. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही. मोकळा रस्ता द्या, काटा बरोबर साठावर जाऊन थांबतो." हे त्यांनी कार्यालयात सांगितलं होतं, दवाखान्याच्या रांगेत सांगितलं होतं, बायकोच्या आत्याला तिनं न विचारता सांगितलं होतं. बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला ते पाठ होतं. काटेकोरांनी सांगितलेला आकडा, म्हणजे त्यावर कोण शंका घेणार?

शंका घेतली ती एका खांबानं.

पुलाचा उतार संपतो तिथे, किराणा दुकानाच्या अगदी समोर, रस्तेखात्यानं एक विजेचा फलक उभा केला. दोन्हीपैकी कुठल्याही बाजूनं गाडी आली की तिचा वेग त्यावर हातभर मोठ्या आकड्यांत उमटायचा. पन्नासच्या आत असलात तर खाली हिरवं हसरं तोंड यायचं, पन्नासच्या वर गेलात तर लाल आणि वाकडं. साहेबांना याचा पत्ताच नव्हता. ते त्या सकाळी सपाटीच्या बाजूनं, म्हणजे बाजाराकडून, मोकळा रस्ता बघून स्कूटरचा कान पिरगाळून निघाले होते. काटा साठावर. पन्नासची मर्यादा होती हे खरं, पण वेगाची मर्यादा हा दुसऱ्या खात्याचा प्रश्न, असं साहेबांचं मत होतं. दुकानाच्या दारात किराणावाला उभा होता. त्यानं साहेबांकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरही फलकासारखंच हसू आलं. फलकावर लिहिलं होतं, त्रेचाळीस.

साहेब गाडी लावून आत आले. काम साधं होतं. या दुकानाचा काटा किलोमागे पाच ग्रॅम कमी द्यायचा. साहेबांनी दुरुस्तीला मुदत दिली होती, ती संपली होती. त्यांनी काट्यावर वजन ठेवलं, आकडा बघितला, मान हलवली.

"तसाच आहे."

"काटा बरोबर आहे हो साहेब," किराणावाला म्हणाला, "या खेपेला साखरच हलकी आलीय."

"मी लोखंडी वजन ठेवलंय."

"मग लोखंड हलकं आलं असेल."

साहेबांनी खिशातून लाल चिकटपट्टी काढली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'बाद' असं छापलेलं असतं. ती काट्याला लागली की दुरुस्त होऊन पुन्हा तपासला जाईपर्यंत त्यावर काही तोलायचं नाही. साहेब पट्टीचा कागद सोलणार, इतक्यात किराणावाल्यानं हात पुढे केला.

"एक मिनिट. माझा काटा किलोमागे पाच ग्रॅम खोटा. मान्य. तुमच्या गाडीचा काटा साठाला सतरा खोटा. तो तिकडे हातभर आकड्यांत लिहिलाय, सगळ्या गिऱ्हाइकांनी वाचलाय. किलोच्या हिशेबानं किती झाले हो ते?"

"दोनशे त्र्याऐंशी ग्रॅम," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली. काय करणार! माणूस सवयीचा गुलाम. दुकानातली चारपाच गिऱ्हाइकं खदाखदा हसली आणि एका बाईंनी तर हातातली पिशवी खाली ठेवून हसून घेतलं.

"तर असं करा," किराणावाला फार गोड आवाजात म्हणाला. "आधी तुमचा काटा खरा आहे असं दाखवा. मग माझ्यावर पट्टी लावा. मी हूं का चूं करणार नाही."

साहेब पट्टी खिशात घालून बाहेर आले. आता तुम्ही म्हणाल, अधिकारी माणूस, कायदा हातात, लावायची होती पट्टी! लावता आली असती. पण गेली एकवीस वर्षं साहेब दुकानदाराच्या डोळ्यांत बघून सांगत आले होते की हा काटा खोटा आहे, आणि त्या एका बघण्यावर त्यांचं सगळं चालत होतं. त्या दिवशी ते पुढच्या तीन दुकानांत गेले आणि तिन्ही ठिकाणी वजनं न काढताच परत आले. कापडवाला म्हणाला, "मीटरपट्टी बघायची? बघा की. येताना किती वेगानं आलात?" पीठगिरणीवाल्यानं तर काहीच विचारलं नाही, फक्त हिरवं हसरं तोंड करून दाखवलं.

घरी आल्यावर साहेबांना बसवेना. उठले, खिडकीशी गेले, खाली उभ्या स्कूटरकडे बघितलं, परत आले, बसले, पुन्हा उठले.

"अहो, जरा एका जागी बसा," बायको म्हणाली. "मला गरगरायला लागलंय."

"फलक खोटा आहे."

"बरं."

"बरं काय बरं! सरकारी असला म्हणून काय झालं? प्रमाणित केलाय का तो? कोणी केलाय?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून साहेब रस्तेखात्यात गेले. तिथल्या कारकुनानं त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. फलक उभा करणं, त्याला वीज देणं आणि पावसाळ्यात झाकणं एवढं आमच्याकडे, तो म्हणाला. तो खरं बोलतो की खोटं, हे बघायला वेगळं खातं आहे.

"कुठलं?"

"वजनमापे. जिल्हा कचेरीच्या मागे, दुसरा मजला. तिथे काटेकोर म्हणून एक साहेब आहेत, त्यांना भेटा. पण सांभाळून हां, फार किचकट माणूस आहे."

साहेब त्याचे आभार मानून आपल्या कार्यालयात आले आणि आपल्याच खुर्चीत बसले. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. मोजमापाचं प्रत्येक साधन तपासण्याचा अधिकार त्यांना होता, वेगाचंही. फक्त वेग तपासायचं यंत्र खात्याकडे नव्हतं. होती ती पोलादी टेप. आणि घड्याळ. अंतर भागिले वेळ, आणखी काय असतो वेग? साहेबांना एकदम हुरूप आला. ते भांडाराकडे धावले.

भांडारपालानं टेप काढून दिली, पण हातातून सोडली नाही. "कार्यालयाबाहेर न्यायची?"

"हो."

"कशासाठी?"

"स्कूटरसाठी."

"खाजगी कामाला प्रमाणित टेप देता येत नाही, साहेब. तुमचाच नियम आहे. मागं मी पडद्याचं माप घ्यायला नेली होती तेव्हा तुम्हीच भिंतीवर लावलात. हा बघा, तुमच्या सहीनं."

नियम खरंच भिंतीवर होता आणि सही खरंच साहेबांची होती. अर्धा तास घालून शेवटी असा तोडगा निघाला की टेप सरकारी कामावर जाईल, काम म्हणजे फलकाची तपासणी, आणि टेपेच्या सोबत भांडारपालही जाईल, कारण टेप एकटी बाहेर पाठवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंजण रस्त्यावर उतरले. टेपेचं एक टोक साहेबांकडे, दुसरं भांडारपालाकडे, आणि हातात सेकंदाचं घड्याळ घेऊन बायको. दोन ठिकाणी खडूनं पांढऱ्या रेघा मारायच्या, मधलं अंतर मोजायचं, साहेब स्कूटरनं ते कापणार, बायको घड्याळ दाबणार. यात अवघड काही नाही. पण सरकारी पट्टा लावलेली टोपी घातलेला माणूस रस्त्यात वाकून टेप ताणतोय आणि खडूनं रेघा मारतोय, हे दृश्य लोकांना शांतपणे बघवत नाही. पहिल्या रेघेशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. "किती जाणार?" त्यांनी विचारलं.

"शंभर मीटर," साहेब म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा उतरला. शंभर मीटर म्हणजे त्यांचं अंगण, व्हरांडा आणि बैठकीची खोली. दहा मिनिटांत सगळ्या आळीत बातमी फुटली की रस्ता रुंद होतोय. बायका दारांत आल्या. एकानं आपल्या भिंतीपुढची रेघ पायानं पुसून समोरच्याच्या भिंतीपाशी काढली. समोरचा चवताळून बाहेर आला. या गदारोळात साहेब तीनदा स्कूटर घेऊन गेले. पहिल्या वेळी घड्याळ दाबलंच गेलं नाही, कारण बायको एका ओळखीच्या बाईंना सांगत होती की नाही हो, तुमचं घर नाही जात, आमची अब्रू जातेय. दुसऱ्या वेळी रेघ हललेली होती. तिसऱ्या वेळी सगळं जमलं. साहेबांनी भागाकार केला. मग पुन्हा केला. मग खडू बदलून केला.

त्रेचाळीस.

"म्हणजे फलक पास," भांडारपाल टेप गुंडाळत म्हणाला.

त्याच संध्याकाळी आळीतले सातआठ जण साहेबांच्या घरी आले आणि म्हणाले, रेघ जरा आमच्याकडून पलीकडे वळवा, आम्ही विसरणार नाही. साहेबांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसले आणि जाता जाता म्हणाले की असूदे साहेब, आताच बोलू नका, समजलं आम्हाला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? काटा दुरुस्त केला असता. साहेबही तेच करायला मेकॅनिककडे गेले. हा मेकॅनिक म्हणजे उत्साही प्राणी. जगातलं कुठलंच काम त्याला अवघड वाटत नसे, आणि त्यामुळे कुठलंच पुरं होत नसे. त्यानं पुढचं झाकण उघडलं आणि आनंदानं ओरडला, "अहो, हा मीटर तर दुसऱ्याच गाडीचा आहे! मोठ्या चाकाच्या. मीच बसवला होता ना मागं, तुमचा फुटला तेव्हा?"

"मग बरोबरचा बसवा."

"मिळत नाही. कंपनीनंच बंद केला."

"मग हाच दुरुस्त करा."

"याला झालंय काय दुरुस्त करायला? उत्तम चालतोय. मोठ्या चाकाला लावला तर अजून खरं सांगेल. दोष तुमच्या चाकाचा आहे."

साहेब गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालू लागले. काटा साठ म्हणतोय, गाडी त्रेचाळीस. काटा खाली येत नाही. आणि इथे साहेबांच्या डोक्यात तो विचार आला. वजनमापे खात्यातल्या माणसाच्या डोक्यात तो यायला नको होता, पण दुखावलेल्या माणसाचं डोकं कुठे नेहमीच्या जागेवर असतं! काटा खाली येत नसेल तर गाडी वर नेऊ. गाडी खरोखर साठानं पळाली तर काटा खोटा कुठला?

"साठ?" मेकॅनिक म्हणाला. "त्यात काय! होऊन जाईल."

त्यानं आधी वजन कमी केलं. पुढची जाळी काढली, पायाखालचं रबर काढलं, जादा चाक काढलं, मडगार्ड काढलं. पहिल्याच ओल्या रस्त्यावरून साहेब कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ होती. फलकावर त्रेचाळीस. मग त्यानं धुराचं नळकांडं बदललं. त्यानं वेग वाढला नाही, आवाज वाढला. गल्लीतली सगळी कुत्री साहेबांना पोचवायला नाक्यापर्यंत यायला लागली. "आवाज बघा," मेकॅनिक डोळे मिटून म्हणाला. "हा आवाज साठाचाच आहे." फलकाला आवाज ऐकू येत नव्हता. त्यानं बेचाळीस दाखवले.

यानंतर शेजारी मदतीला धावले. शेजारी धावले की समजावं, आता काही खरं नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका म्हणाले, टायरमध्ये हवा जास्त भरा. भरली. रस्त्यातला प्रत्येक खडा साहेबांच्या दाढेपर्यंत पोचायला लागला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पेट्रोल पहाटे भरावं, थंड असतं तेव्हा दाट असतं. वरच्या मजल्यावर व्यायामशाळेत शिकवणारा एक दांडगा माणूस राहायचा. त्यानं साहेबांकडे नुसतं वरून खाली बघितलं. "गाडीचं वजन काय कमी करताय, भाऊ?" तो म्हणाला. "वरचं करा."

हे बायकोला पटलं. ताटात उकडलेल्या भाज्या आल्या, बिनमिठाच्या. साहेब रोज सकाळी कार्यालयातल्या प्रमाणित काट्यावर उभे राहायचे आणि भांडारपाल गंभीरपणे आकडा वाचायचा. वीस दिवसांत चार किलो गेले, फलकावर एक किलोमीटर वाढला, आणि साहेब इतके चिडके झाले की एका फळवाल्याचं वजन नीट असूनही त्याच्यावर खेकसले. फळवाल्यानं मुकाट्यानं एक केळं पुढे केलं. साहेब ते घेणार नाहीत हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्यांनी घेतलं नाही, पण बघितलं बराच वेळ.

इकडे बाजारात काम ठप्प. किराणावाल्याचा काटा आपला पाच ग्रॅम खातच होता, आणि बाकीच्यांचेही हळूहळू खायला लागले होते. तपासायला आलेल्या साहेबांना कोणी उलट बोलत नसे. फक्त विचारत, "किती झाले?" क्रिकेटचा धावफलक विचारावा तसं. रात्री अंथरुणावर साहेबांचे हात आपोआप हवेतच स्कूटरचा कान पिरगाळत असत. शेवटी एक दिवस ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "सपाटीवर होणार नाही. उतारावरून."

"उतार चालतो का?" बायकोनं विचारलं.

"रस्ता कसा असावा हे काट्यावर कुठे लिहिलंय?"

एकवीस वर्षांत कुठल्याही दुकानदारानं साहेबांना इतकी पोकळ सबब सांगितली नव्हती. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि ताट उचललं.

किराणावाला मात्र उदार झाला. "पुलावरून या, डोंगरावरून या, विमानातून टाका. रविवारी सकाळी, फलकावर साठ दिसू दे. काटा तुमच्या हातात आणून देतो." मेकॅनिकनं उताराचं नवं गणित मांडलं. उतारावर वजन फायद्याचं. जितकं जड तितकं जोरात.

"वीस दिवस मी भोपळा खातोय!" साहेब ओरडले.

"आता मागे कोणीतरी बसवा," मेकॅनिक म्हणाला. "वहिनींना बसवा."

"म्हणजे मी आता वजन का?" बायकोनं विचारलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि खात्याचा सगळा अनुभव वापरून गप्प राहिले. पण ती तयार झाली. एकदाचं हे संपू दे, म्हणाली, घरात मीठ येऊ दे.

मेकॅनिकनं शेवटचा हात म्हणून ब्रेक सैल केले, कारण ब्रेक चाकाला घासतात आणि गाडीला उगाच मागे ओढतात. हे त्यानं साहेबांना सांगितलं नाही. त्याला ते फार किरकोळ वाटलं.

रविवारी दुकानासमोर निम्मा बाजार जमला. काका खुर्ची घेऊन आले होते. भांडारपाल टेप घेऊन आला होता, लागली तर असावी म्हणून. किराणावाल्यानं आपला काटा दारात स्टुलावर आणून ठेवला होता, वर फडकं टाकून. ज्यांची घरं रस्त्यात जाणार होती तेही सगळे एका बाजूला उभे होते, कारण त्यांना अजून वाटत होतं की आज रेघ ठरणार.

पुलाच्या माथ्यावर साहेबांनी गाडी वळवली. "धरलंस?"

"धरलंय. चला आता, किती वेळ विचार करणार!"

स्कूटर निघाली. आधी नेहमीसारखी कुरकुरत, मग उताराला लागली आणि तिच्या अंगात आलं. वारा साहेबांच्या कानांत शिरला, शर्ट फुगला, नळकांडं बोंबलू लागलं. बायकोनं त्यांचा खांदा असा धरला की बोटं हाडाला लागली. खाली फलक दिसत होता, माणसं दिसत होती. साहेबांनी सवयीनं काट्याकडे नजर टाकली. साठ. छान. मग पासष्ट. सत्तर. साहेबांनी डोळे मिचकावले. काटा ऐंशी ओलांडून गेला, जिथे आकडे संपतात आणि पुढे नुसती कोरी पांढरी जागा असते, तिथे जाऊन थरथरत टेकला.

आणि त्याच क्षणी फलकावर आला साठ. हातभर मोठा, लाल, बरोबर साठ. खाली वाकडं तोंड. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका खुर्चीवर उभे राहिले. फलकानं तोंड वाकडं केलं म्हणून एवढा आनंद झाल्याचा प्रसंग त्या रस्त्यावर पहिलाच असेल.

साहेबांना मात्र टाळ्या ऐकू आल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, आणि ती इतकी सोपी होती की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. किलोला पाच ग्रॅम खोटा असलेला काटा दोन किलोला दहा खोटा असतो. हे ते रोज सांगायचे, लहान मुलाला समजेल असं. गाडी जितकी जोरात जाईल तितका हा काटा पुढे पळणार. गाडी साठावर आली, काटा साठावर थांबला नाही. तो कधीच थांबणार नव्हता. भोपळा, चिखल, कुत्री, सगळं फुकट.

मग त्यांनी ब्रेक दाबला आणि त्यांच्या लक्षात आलं की ब्रेक नावाला आहे.

स्कूटर टाळ्यांमधून, दुकानावरून, पतपेढीवरून, पीठगिरणीवरून तशीच गेली. "अहो, थांबवा ना!" बायको ओरडली. "थांबवतोय!" साहेब ओरडले. पुढे चढ लागला तिथे गाडीला आपोआप दया आली आणि ती फ्रिजच्या दुकानाबाहेर रचलेल्या रिकाम्या खोक्यांत हळूच शिरून उभी राहिली. दोघांच्या अंगावर दहाबारा खोकी पडली. लागलं कोणालाच नाही.

तिथून दोघं गाडी ढकलत परत निघाले. रस्ता बराच होता. बायको एक अक्षर बोलत नव्हती. साहेबांचं मन मात्र एका जागी राहीना. फलकावर साठ आले की नाही? आले. सगळ्यांनी बघितले की नाही? बघितले. मी नेहमी काय म्हणत होतो, गाडी साठ जाते. गेली. मग? मग काही नाही. काटा कोणी बघितला? कोणी नाही. किराणावाल्यानं फलकाचंच बोलणं केलं होतं, साठ दिसू दे म्हणाला होता, दिसले. उद्यापासून बाजारात मान वर करून जायचं. कापडवाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं... इथे साहेब गाडी ढकलायचे थांबले. काय सांगायचं?

दुकानापाशी पोचताच लोकांनी त्यांना घेरलं. मेकॅनिक सगळ्यांना सांगत होता की ब्रेक सैल करण्याची कल्पना आपलीच. किराणावाल्यानं फडकं काढलं, काटा दोन्ही हातांनी उचलला आणि पुढे आला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण शब्दाला पक्का होता. "जिंकलात, साहेब. लावा पट्टी."

साहेबांनी खिशातून 'बाद'ची पट्टी काढली. ती इतके दिवस खिशात राहून चुरगळली होती. त्यांनी ती मांडीवर सपाट केली, मागचा कागद सोलला. मग ते वळले, वाकले आणि ती पट्टी स्वतःच्या स्कूटरच्या मीटरच्या काचेवर आडवी चिकटवून चारी कोपरे अंगठ्यानं दाबले.

"अहो, हे काय?" काका म्हणाले.

"साठ आले की साहेब!" किराणावाला म्हणाला. "मी स्वतः वाचले. सगळ्यांनी वाचले."

"तुम्ही फलक वाचलात," साहेब म्हणाले. "तेव्हा हा काटा ऐंशीच्या पुढे होता. खोटा आहे हा. सपाटीलाही खोटा, उतारालाही खोटा."

"पण बघितलं कोणी?"

"मी."

मेकॅनिकनं तोंड उघडलं, पण काकांनी त्याला कोपरानं ढोसलं. किराणावाला हातातला काटा तसाच धरून उभा राहिला. मीटरवरची लाल पट्टी त्यानं नीट बघितली. मग पुढे होऊन त्यानं आपला काटा स्कूटरच्या सीटवर ठेवला.

"यालाही लावा," तो म्हणाला.

"लावणारच होतो," साहेब म्हणाले. त्यांनी दुसरी पट्टी काढली, आणि ती लावताना ते किराणावाल्याच्या डोळ्यांत बघत होते. बाजूला उभा असलेला कापडवाला चपळाईनं आपल्या दुकानाकडे निघाला, बहुतेक मीटरपट्टी नीट करायला.

किराणावाला काटा उचलून आत गेला आणि गर्दी पांगली. निम्म्या लोकांना टाळ्या उगाच वाया गेल्यासारखं वाटत होतं. साहेबांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, मेकॅनिककडून ब्रेक आवळून घेतले आणि उसवलेल्या सीटवरची धूळ रुमालानं झटकली.

"मघापासून तू गप्प का आहेस?" त्यांनी बायकोला विचारलं. "भीती वाटली?"

"भीती कसली! मी काट्याकडे बघत होते. तुमच्या खांद्यावरून अगदी स्वच्छ दिसतो तो. ऐंशीच्या पुढे गेला तोही बघितला."

साहेबांचा रुमाल हातातच राहिला. "आणि बोलली नाहीस?"

"म्हटलं, बघू या, तुम्ही बोलताय का."

"आणि मी बोललो नसतो तर?"

"तर मी बोलले असते," बायको म्हणाली, आणि मागच्या सीटवर नीट बसली.